याप्य अर्बुद आणि औषधाचा टेकू
पिट्यूटरीच्या स्रावी गाठींवरील औषधचिकित्सा : वैद्य व औषधविक्रेते यांच्यासाठी काही विचार

नष्टार्तव आणि वंध्यत्व या तक्रारी घेऊन येणाऱ्या रुग्णा आपल्यापैकी प्रत्येकाच्या चिकित्सालयात असतात. त्यांतील बहुसंख्य रुग्णांना आपल्या चिकित्सेने उपशय मिळतो आणि त्यामुळेच आपला आत्मविश्वास वाढतो. हा आत्मविश्वास एखाद्या वेळी रुग्णाला महाग पडू शकतो, हे मला ज्या रुग्णेने शिकविले तिची हकीकत सांगून या लेखाचा आरंभ करतो.

रुग्णा २६ वर्षांची, विवाहाला चार वर्षे झालेली, निरपत्य. दीड वर्षापासून मासिक पाळी बंद. गर्भधारणा नसल्याची खात्री झालेली होती. नाडी, जिव्हा, कोष्ठ, प्रकृती यांचे परीक्षण करून मी आर्तवक्षयाचे निदान केले आणि रजःप्रवर्तिनी वटी, कुमारी आसव, शतावरी कल्प अशी योजना केली. मधूनमधून डोके दुखते म्हणाली, म्हणून अर्धावभेदक समजून नस्य दिले. अकरा महिने ही चिकित्सा चालली. एके दिवशी तिच्यासोबत आलेल्या सासूबाई संकोचाने म्हणाल्या, ‘‘डॉक्टर, हिला मूल नाही, पण पोलक्याला दुधाचे डाग पडतात. हे कसं?’’ हा प्रश्न पहिल्याच दिवशी मी विचारावयास हवा होता. त्याच भेटीत असेही समजले की, चालताना तिचा खांदा दाराच्या चौकटीला लागतो.

रक्तातील प्रोलॅक्टिन ६४० नॅनोग्रॅम प्रति मि.लि. आले, स्त्रियांमध्ये ते साधारणतः २५ च्या आत असते. एमआरआयमध्ये पिट्यूटरी ग्रंथीत १९ मि.मी. ची गाठ दिसली. नेत्रतज्ज्ञांच्या तपासणीत दोन्ही डोळ्यांच्या बाहेरील बाजूची दृष्टी कमी झाल्याचे आढळले. दाराची चौकट तिला दिसतच नव्हती. मी मात्र अकरा महिने तिला शतावरी देत होतो.

पुढे अंतःस्रावतज्ज्ञांनी शस्त्रक्रिया न करता आठवड्यातून दोन वेळा घ्यावयाची एक लहानशी गोळी सुरू केली. सहा आठवड्यांत दृष्टी जवळजवळ पूर्ववत झाली, चौथ्या महिन्यात प्रोलॅक्टिन १८ वर आले, सहाव्या महिन्यात गाठ १० मि.मी. झाली आणि पाळी सुरू झाली. अर्बुद म्हटले की शस्त्रकर्म, अशीच आपली समजूत असते. मग गोळीने गाठ आकसते ती कशी? आकसलेली गाठ नष्ट होते का? आणि गोळी थांबविली तर काय होते? या प्रश्नांची उत्तरे प्रत्येक वैद्याला व प्रत्येक औषधविक्रेत्याला ठाऊक असणे आवश्यक आहे.

ग्रंथी, स्राव आणि अंकुश

पिट्यूटरी अथवा पीयूषिका ग्रंथी कवटीच्या तळाशी, नाकाच्या मुळामागे, खोगिराच्या आकाराच्या खाचेत असते. वजन सुमारे अर्धा ग्रॅम. तिच्या बरोबर वर दोन्ही डोळ्यांच्या दृष्टिनाड्या एकमेकींना छेदतात. म्हणून गाठ वर वाढली की प्रथम दोन्ही बाजूंची कडेची दृष्टी जाते. ग्रंथीच्या पुढील भागातील निरनिराळ्या पेशी प्रोलॅक्टिन, वृद्धिसंप्रेरक, एसीटीएच, टीएसएच इत्यादी संप्रेरके स्रवतात. ज्या पेशींची गाठ, त्या संप्रेरकाचा अतिस्राव, असा सामान्य नियम. या गाठी बहुतेक सौम्य असतात, १० मि.मी. पेक्षा लहान असल्यास सूक्ष्म व तेवढी किंवा मोठी असल्यास स्थूल समजतात.

हायपोथॅलॅमस या मेंदूच्या भागाचे पिट्यूटरीवर नियंत्रण असते. इतर संप्रेरकांच्या बाबतीत हे नियंत्रण मुख्यतः ‘स्रव’ अशा आज्ञेचे आहे. प्रोलॅक्टिनच्या बाबतीत मात्र ते ‘थांब’ अशा आज्ञेचे आहे. ही थांबविण्याची आज्ञा डोपामिन या द्रव्याद्वारे अखंड दिली जाते. अंकुश सुटला की प्रोलॅक्टिन वाढते. हे एक सूत्र ध्यानात ठेवले तर पुढील सर्व विवेचन सुगम होईल.

प्रोलॅक्टिनची गाठ : औषध नेमके काय करते?

स्रावी गाठींमध्ये प्रोलॅक्टिनची गाठ सर्वांत अधिक आढळते. तिच्या पेशींवर डोपामिनचे ग्राहक शाबूत असतात. डोपामिनसारखे कार्य करणारे द्रव्य बाहेरून दिल्यास ते या ग्राहकांवर बसते, पेशीतील प्रोलॅक्टिनची निर्मिती मंदावते आणि निर्मितीची सामग्री आवरली गेल्यामुळे पेशीचे आकारमान घटते. गाठ लहान होते ती मुख्यतः या कारणाने. दीर्घकाळच्या उपयोगानंतर काही पेशी मरतात व त्या जागी तंतुमय भाग तयार होतो. परंतु पुष्कळशा पेशी जिवंतच राहतात. त्या आकसलेल्या असतात, नष्ट झालेल्या नसतात.

या गटातील पहिले प्रमुख औषध ब्रोमोक्रिप्टिन. राय या धान्याच्या कणसावर वाढणाऱ्या अरगट बुरशीतील द्रव्यांवरून स्वित्झर्लंडमधील सँडोझ कंपनीच्या संशोधकांनी १९६० च्या दशकात ते सिद्ध केले आणि १९७० च्या दशकात ते उपयोगात आले. ते रोज घ्यावे लागते. मळमळ व चक्कर यांमुळे अनेकांना सोसत नाही. नंतर आलेले कॅबरगोलिन शरीरात दीर्घकाळ टिकते. त्याचा अर्धायुकाल सुमारे ६५ तास असल्याने आठवड्यातून एक किंवा दोन मात्रा पुरतात. १९९४ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तुलनात्मक अभ्यासात ४५९ स्त्रियांपैकी कॅबरगोलिन घेणाऱ्या ८३ टक्के आणि ब्रोमोक्रिप्टिन घेणाऱ्या ५९ टक्के स्त्रियांचे प्रोलॅक्टिन प्राकृत झाले. न सोसल्यामुळे औषध सोडणाऱ्यांचे प्रमाण अनुक्रमे ३ व १२ टक्के होते. म्हणून आज कॅबरगोलिन हेच प्रथम पसंतीचे औषध आहे. २०२३ च्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ-सहमतीने सूक्ष्म गाठी व नीट सीमाबद्ध असलेल्या काही स्थूल गाठींत अनुभवी शल्यचिकित्सकाकडून नाकावाटे होणारी शस्त्रक्रिया हाही तोलामोलाचा पर्याय मानला आहे. कारण अनेक वर्षे गोळी घेण्यापेक्षा ती काही रुग्णांना सोयीची ठरते.

परिणामाचा क्रम असा : प्रोलॅक्टिन काही तासांत घटू लागते, दृष्टी काही दिवसांत ते आठवड्यांत सुधारू शकते, गाठीचा आकार आठवडे ते महिन्यांत कमी होतो. शस्त्रक्रियेवाचून दृष्टी परत येणे हा या औषधाचा मोठाच गुण होय.

येथे एक सावधगिरी. प्रोलॅक्टिन वाढलेले असणे म्हणजे प्रोलॅक्टिनचीच गाठ असे नव्हे. कोणतीही मोठी गाठ पिट्यूटरीच्या देठावर दाब आणून डोपामिनची वाट अडवू शकते. तेव्हा प्रोलॅक्टिन माफक वाढते. अशा रुग्णात कॅबरगोलिनने रक्तातील आकडा प्राकृत होतो, पण गाठ तशीच राहते किंवा वाढत जाते. म्हणून केवळ आकड्यावर समाधान मानू नये. उलट, गाठ प्रचंड असूनही प्रोलॅक्टिन थोडेच वाढलेले दिसले, तर रक्तनमुना पातळ करून फेरतपासणी करावी लागते. कारण अतिप्रचंड प्रमाणामुळे तपासणीची पद्धतीच फसते.

याप्यत्व : या लेखाचा गाभा

चरकसंहितेत सूत्रस्थानाच्या दहाव्या अध्यायात साध्यासाध्यतेचे प्रकार सांगताना याप्य व्याधींचा विचार आला आहे. सुश्रुताचार्यांनी याप्य रुग्णाला योग्य चिकित्सा कशी धारण करते हे सांगण्यासाठी पडावयास आलेल्या घराला नीट लावलेल्या खांबाचा दृष्टांत दिला आहे. टेकू आहे तोवर घर उभे. टेकू काढला की घराचा भरवसा नाही. प्रोलॅक्टिनच्या गाठीवरील औषधाचे वर्णन याहून अचूक शब्दांत करता येणार नाही. आपल्या परिभाषेत बोलायचे तर हे शमन आहे, शोधन नव्हे. मूलोच्छेद तर नव्हेच नव्हे.

मग टेकू कधीच काढता येत नाही का? काही रुग्णांत येतो. इटलीतील नेपल्स येथे कोलाओ व सहकाऱ्यांनी २००३ साली २०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. प्रोलॅक्टिन प्राकृत झालेले आणि एमआरआयमध्ये गाठ दिसेनाशी झालेली किंवा निम्म्याहून अधिक आकसलेली, अशांचेच औषध त्यांनी थांबविले. तरीही सूक्ष्म गाठी असलेल्यांपैकी ३१ टक्के व स्थूल गाठी असलेल्यांपैकी ३६ टक्के रुग्णांत प्रोलॅक्टिन पुन्हा वाढले. २०१० साली अनेक अभ्यासांचे एकत्र विश्लेषण झाले, तेव्हा चित्र याहून कठीण दिसले : औषध थांबविल्यावर सूक्ष्म गाठींत २१ टक्के व स्थूल गाठींत १६ टक्के रुग्णच प्राकृत राहिले. म्हणून किमान दोन वर्षे औषध, प्राकृत प्रोलॅक्टिन, आकसलेली गाठ, मात्रा हळूहळू कमी करणे आणि त्यानंतरही नियमित तपासणी, या अटींवरच तज्ज्ञ हा निर्णय घेतात. तो निर्णय रुग्णाने, नातेवाइकाने, औषधविक्रेत्याने किंवा आपण घ्यावयाचा नाही.

आता माझी दुसरी चूक सांगतो. पाळी सुरू झाल्यावर ती रुग्णा अग्निमांद्य व दौर्बल्यासाठी माझ्याकडे येत राहिली. मी तिला इतर द्रव्यांबरोबर कपिकच्छू चूर्ण दिले आणि सहज म्हणून गेलो, ‘‘ताई, तुमच्या त्या गोळीसारखंच द्रव्य यातही असतं.’’ मला कौतुक वाटले होते कपिकच्छूचे. तिने अर्थ घेतला तो निराळा. चार महिन्यांनी ती डोकेदुखी घेऊन आली. चौकशी करता म्हणाली, ‘‘तुम्हीच म्हणालात ना डॉक्टर, चूर्णात तेच असतं? मग महागाची गोळी कशाला म्हणून बंद केली.’’ प्रोलॅक्टिन ३१० आणि गाठ १५ मि.मी. झाली होती. माझ्या एका सैल वाक्याने टेकू काढला गेला होता.

आपल्या द्रव्यांचा संबंध

कपिकच्छूच्या बीजात एल-डोपा असते, हे खरे आहे. १९३७ साली दामोदरन व रामस्वामी यांनी ते या बीजातून वेगळे केले. शरीरात त्याचे डोपामिन होते आणि प्रोलॅक्टिन काही काळ घटतेही. लखनौ येथील संशोधकांनी २००९ साली वंध्य पुरुषांत कपिकच्छूने प्रोलॅक्टिन घटल्याचे व टेस्टोस्टेरॉन वाढल्याचे नोंदविले. परंतु ते रुग्ण गाठीचे नव्हते. एल-डोपाचा प्रभाव काही तासांचा. कॅबरगोलिनचा अनेक दिवसांचा. शिवाय बीजातील प्रमाण वाण, भूमी व शोधन यांनुसार बदलते. गाठ सतत आकसलेली ठेवण्यासाठी अखंड अंकुश लागतो. तो चूर्णाने मिळेल याला आधार नाही. उलट दोन्ही एकत्र घेतल्यास मळमळ, रक्तदाब घटणे असे उपद्रव वाढू शकतात आणि तपासणीचा आकडाही तात्पुरता बदलून दिशाभूल होऊ शकते.

वाजीकरणासाठी येणाऱ्या पुरुषांच्या बाबतीत हा मुद्दा अधिकच महत्त्वाचा आहे. पुरुषांत पाळीसारखे लवकर दिसणारे लक्षण नसते. मैथुनेच्छा कमी होणे व क्लैब्य या तक्रारी संकोचाने लपविल्या जातात आणि गाठ लक्षात येते तेव्हा ती बहुधा मोठी असते. मैथुनेच्छा नाहीशी झाली असून जोडीला डोकेदुखी किंवा दृष्टिदोष असेल, तर वाजीकर योग लिहिण्यापूर्वी प्रोलॅक्टिन व टेस्टोस्टेरॉन पाहावे.

सर्पगंधेची गोष्ट नेमकी उलट आहे. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये लेख लिहून उच्च रक्तदाबावरील या वनस्पतीची उपयुक्तता जगापुढे मांडली. १९५२ साली तिच्यातून रिसर्पिन वेगळे झाले. हे द्रव्य चेतापेशींतील डोपामिनचा साठा रिता करते. साठा रिता झाला की अंकुश सुटतो आणि प्रोलॅक्टिन वाढते. म्हणजे निद्रानाशासाठी दिलेल्या सर्पगंधा घन वटीमुळेही प्रोलॅक्टिन वाढू शकते, आणि प्रोलॅक्टिनच्या गाठीचा रुग्ण ती घेत असेल तर ती औषधाच्या विरुद्ध काम करते. अशा रुग्णास सर्पगंधा वर्ज्य समजावी.

युरोपात निर्गुंडीच्या कुळातील एक वनस्पती प्रोलॅक्टिनच्या किरकोळ वाढीवर वापरली जाते. त्यावरून आपल्या निर्गुंडीचाही तोच गुण गृहीत धरणे उचित नाही. एका जातीचा गुण दुसऱ्या जातीला चिकटविणे द्रव्यगुणशास्त्राला मान्य नाही. आणि ज्या स्त्रीला बाळ नसताना स्तन्यस्राव होत आहे, तिला शतावरीसारखे स्तन्यजनन द्रव्य देण्यापूर्वी कारण शोधावे, हे मी आता वेगळे सांगावयास नको.

औषधविक्रेत्यांसाठी

प्रोलॅक्टिनवाढीचे एक अतिशय सामान्य कारण आपल्या दुकानाच्या फळीवरच असते. डॉम्पेरिडोन, मेटोक्लोप्रामाइड आणि लेव्होसल्पिराइड ही तिन्ही औषधे डोपामिनचे ग्राहक अडवितात. आम्लपित्ताच्या कॅप्सूलमध्ये डॉम्पेरिडोन किंवा लेव्होसल्पिराइड जोडलेले असते आणि रुग्ण ती महिनोन्महिने, चिठ्ठीवाचून, ‘गॅसची गोळी’ म्हणून घेतात. डॉम्पेरिडोन मेंदूत फारसे शिरत नाही म्हणून ते निर्धोक समजले जाते. परंतु पिट्यूटरी ग्रंथी रक्त व मेंदू यांमधील त्या अटकावाच्या बाहेर आहे, त्यामुळे तेथे ते पूर्ण प्रभावी असते. रिस्पेरिडोन, अमिसल्पिराइड यांसारख्या मानसविकारांवरील औषधांनीही प्रोलॅक्टिन बरेच वाढते. पण ती परस्पर बंद करणे धोक्याचे आहे, तेथे मानसोपचारतज्ज्ञाचाच सल्ला हवा.

आता प्रसंग असा घडतो. कॅबरगोलिन सुरू केलेल्या रुग्णेला पहिल्या आठवड्यात मळमळते. ती दुकानात येते, उलटीची गोळी मागते आणि तिला डॉम्पेरिडोन मिळते. एका हाताने लावलेला अंकुश दुसऱ्या हाताने काढला जातो. मळमळ टाळण्याचा खरा उपाय म्हणजे गोळी रात्री जेवणानंतर झोपताना घेणे, मात्रा अल्प ठेवून हळूहळू वाढविणे आणि तरीही त्रास झाल्यास तज्ज्ञाला कळविणे.

दुसरी दक्षता मात्रेची. कॅबरगोलिनचा आरंभ बहुधा ०.२५ मि.ग्रॅ. आठवड्यातून दोनदा असा असतो. ‘आठवड्यातून’ हा शब्द वेष्टनावर ठळक मराठीत लिहून, वार सांगून द्यावा. सोमवार-गुरुवार असे म्हटले की रुग्ण विसरत नाही. रोज घेतल्यास मात्रा कित्येक पट होते. २००७ साली प्रसिद्ध झालेल्या दोन अभ्यासांत कंपवाताच्या रुग्णांत रोज मोठ्या मात्रेत कॅबरगोलिन दिल्याने हृदयाच्या झडपांचे विकार वाढल्याचे दिसले. गाठीसाठी लागणारी मात्रा त्यामानाने फारच लहान असते, तरी दीर्घकाळ व जास्त मात्रा घेणाऱ्यांची हृदयाची सोनोग्राफी तज्ज्ञ करवून घेतात. क्वचित या औषधाने जुगार, अति खरेदी, अति कामेच्छा असे वर्तनबदल होतात. घरच्यांनी असे सांगितल्यास ते हसण्यावारी नेऊ नये.

इतर स्रावी गाठी : औषधाची तीन ठाणी

वृद्धिसंप्रेरकाची गाठ प्रौढात झाली तर हात-पाय, जबडा, जीभ वाढतात. अंगठी घट्ट होते, चपलेचा क्रमांक बदलतो, मधुमेह व उच्च रक्तदाब येतात. हे बदल इतके सावकाश होतात की जुने छायाचित्र पाहिल्यावाचून कळत नाहीत. वृद्धिसंप्रेरकाच्या प्रभावाने यकृत आयजीएफ-१ हे द्रव्य निर्माण करते आणि बहुतेक लक्षणे त्यामुळे होतात. येथे शस्त्रक्रिया प्रथम. औषधे त्यानंतर किंवा शस्त्रक्रिया अशक्य असल्यास.

हायपोथॅलॅमसमधील सोमॅटोस्टॅटिन हे वृद्धिसंप्रेरक रोखणारे द्रव्य १९७३ साली गिलमिन यांच्या प्रयोगशाळेत सापडले. मेंदूतील अशा संप्रेरकांवरील कार्याबद्दल गिलमिन व शॅली यांना १९७७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मूळ द्रव्य रक्तात दोन-तीन मिनिटेच टिकते. त्यावरून केलेली ऑक्ट्रिओटाइड व लॅनरिओटाइड ही औषधे महिन्यातून एकदा सुईने देता येतात. ती गाठीवरच कार्य करतात, म्हणून स्राव घटतो आणि काही रुग्णांत गाठही लहान होते. मात्र प्रोलॅक्टिनच्या गाठीइतके नाट्यमय यश मिळत नाही. अतिसार, पोटदुखी व पित्ताशयात खडे हे त्यांचे उपद्रव. अशा रुग्णाच्या उजव्या कुशीतील शूलाला केवळ अन्नद्रवशूल किंवा परिणामशूल समजू नये. महिन्याची ही इंजेक्शने २ ते ८ अंश तापमानात ठेवावी लागतात. वीज गेल्यावर शीतपेटीचे काय होते, याची नोंद विक्रेत्याने ठेवावी.

पेगव्हिसोमंट हे २००३ पासून उपलब्ध झालेले औषध निराळ्या ठाण्यावर काम करते. ते गाठीला हातही लावत नाही. वृद्धिसंप्रेरकाचा ग्राहक अडवून आयजीएफ-१ घटविते. लक्षणे सुधारतात, पण गाठ आकसत नाही. म्हणून एमआरआय चालू ठेवावाच लागतो.

एसीटीएचच्या गाठीत अधिवृक्क ग्रंथीतून कॉर्टिसॉल अति प्रमाणात स्रवते. हार्वे कुशिंग यांनी १९३२ साली या व्याधीचा पिट्यूटरीच्या गाठीशी संबंध सविस्तर मांडला. चंद्राकार मुख, पोटावर जांभळे रुंद चरे, बारीक हातपाय, सहज निळे पडणे, जिना चढताना मांड्यांत बळ नसणे ही लक्षणे दिसली की मेदोरोग म्हणून लेखन चिकित्सा सुरू करू नये. येथेही शस्त्रक्रिया प्रथम. किटोकोनॅझोल, मेटिरापोन व २०२० पासूनचे ऑसिलोड्रोस्टॅट ही औषधे अधिवृक्कातील कॉर्टिसॉलनिर्मिती रोखतात. मूळ गाठ तशीच राहते. गाठीवर कार्य करणाऱ्या पॅसिरिओटाइडच्या २०१२ सालच्या अभ्यासात मोठ्या मात्रेनेही सहा महिन्यांत २६ टक्के रुग्णांतच मूत्रातील कॉर्टिसॉल प्राकृत झाले आणि जवळजवळ तीन-चतुर्थांश रुग्णांत रक्तशर्करेशी संबंधित उपद्रव झाले.

या रुग्णांना यष्टिमधु देऊ नये. कॉर्टिसॉलला वृक्कात निष्प्रभ करणारे विकर यष्टिमधुतील ग्लिसिरायझिनमुळे अडते. रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. कुशिंगच्या रुग्णात हे दोन्ही धोके आधीच असतात. आणि हेही विसरू नये की, कुशिंगसारखी लक्षणे दिसणाऱ्यांत गाठीपेक्षा बाहेरून घेतलेले स्टेरॉइड हेच कारण कितीतरी अधिक वेळा असते. सांधेदुखी व दम्यावरील निनावी पुड्यांत ते मिसळलेले असू शकते. अशी पुडी आयुर्वेदाच्या नावाने आपल्या दुकानात येऊ न देणे ही आपल्या शास्त्राची राखण आहे. मात्र ती घेणाऱ्याला एकाएकी थांबवू नये. अधिवृक्क सुप्त झालेले असल्याने प्राणांवर बेतू शकते. अशा रुग्णास तातडीने तज्ज्ञाकडे पाठवावे.

टीएसएचची गाठ अत्यंत विरळ. याउलट, थायरॉइड दीर्घकाळ मंद असल्यास पिट्यूटरी स्वतःच फुगून एमआरआयमध्ये गाठीसारखी दिसू शकते आणि प्रोलॅक्टिनही वाढते. थायरॉक्सिनने ती पूर्ववत होते. म्हणून प्रोलॅक्टिन वाढलेले दिसताच गर्भावस्था, थायरॉइड, वृक्क आणि चालू औषधे ही चार कारणे आधी पाहावीत.

तातडीचे प्रसंग

पहिला : कॅबरगोलिन सुरू असताना, विशेषतः खाली वाकल्यावर, नाकातून पाण्यासारखा स्वच्छ स्राव गळणे. गाठीने कवटीच्या तळाचे हाड झिजविलेले असते आणि गाठ आकसली की ते भोक उघडे पडून मेंदूभोवतीचा द्रव नाकात येतो. हा प्रतिश्याय नव्हे. येथे नस्य देणे म्हणजे मेंदूच्या आवरणाला संसर्गाची वाट दाखविणे होय.

दुसरा : एकाएकी असह्य शिरःशूल, उलटी, दृष्टी जाणे, एकाचे दोन दिसणे किंवा पापणी मिटणे. गाठीत रक्तस्राव झाल्याची शक्यता असते. तासांचाही विलंब नको.

तिसरा : गर्भावस्था. औषध सुरू झाल्यावर पाळी येण्यापूर्वीच बीजनिर्मिती होऊन गर्भ राहू शकतो, हे दांपत्याला आधी सांगावे. गर्भ राहिल्याचे कळताच बहुधा औषध थांबविले जाते, पण तज्ज्ञाच्या सल्ल्याने. गर्भिणीत सूक्ष्म गाठ क्वचितच त्रास देते. स्थूल गाठ मात्र चार-पाच जणींत एखादीला, वाढून डोकेदुखी व दृष्टिदोष निर्माण करते. अशा गर्भिणीची डोकेदुखी लेपावर भागवू नये.

उपसंहार

त्या रुग्णेचे औषध पुन्हा सुरू झाले आणि काही महिन्यांत गाठ पुन्हा आकसली. पुढे दोन वर्षांनी तज्ज्ञांच्या देखरेखीखाली तिला गर्भधारणा झाली, दर तिमाहीत दृष्टी तपासली गेली आणि सुखरूप प्रसूती झाली. गर्भिणी परिचर्येचे मासानुमासिक पथ्य, अग्नीचे रक्षण, सूतिकेची काळजी या सर्वांत माझा वाटा होता. वैद्याला येथे काम नाही असे मुळीच नाही. गोळीने होणारी मळमळ, मलावष्टंभ, दौर्बल्य, मनाची खिन्नता यांत आपण पुष्कळ करू शकतो. फक्त टेकूला हात लावावयाचा नाही.

माझ्या नोंदवहीत आता नष्टार्तवाच्या प्रत्येक रुग्णेसाठी चार प्रश्न छापले आहेत : स्तनातून स्राव होतो का? डोके दुखते का, कडेचे दिसते का? गॅसची, झोपेची, मनाची कोणती गोळी चालू आहे? आणि दुसऱ्या डॉक्टरांनी दिलेले कोणते औषध तुम्ही अलीकडे बंद केले? या चौथ्या प्रश्नाचे उत्तर रुग्ण आपणहून सांगत नाही. पुष्कळदा ते आपल्याला आवडेल असे समजूनच त्याने ते बंद केलेले असते. वैद्यबंधू-भगिनींनी हे चार प्रश्न आपल्याही केसपेपरवर घ्यावेत आणि औषधविक्रेत्यांनी डॉम्पेरिडोन हातात देण्यापूर्वी ‘आठवड्याची गोळी चालू आहे का’ एवढे विचारावे, अशी विनंती करून लेख पूर्ण करतो.